जुनी रॅली एस्कॉर्ट आतून कशी वाचायची

'एस्कॉर्ट' म्हटलं की आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्यांना १९९६ साली आलेली महिंद्रा-फोर्डची गाडी आठवते. तिची जुळणी नाशिकला व्हायची. इंजिन आडवं बसवलेलं, ताकद पुढच्या चाकांना. या लेखातली एस्कॉर्ट त्याच घराण्यातली, पण दोघींचं नावापलीकडे काही जुळत नाही. ही १९६८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये आली. इंजिन उभं, त्यामागे गिअरबॉक्स, मग गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब शाफ्ट आणि शेवटी पाट्यांवर टेकलेला अखंड ॲक्सल. मांडणी थेट आपल्या पद्मिनी-ॲम्बॅसडरसारखी. अशा साध्या मांडणीच्या गाडीने इंग्लंडची आरएसी रॅली १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं जिंकली, आणि १९७९ साली फोर्डला जागतिक विजेतेपदही मिळवून दिलं.

आज अशा खऱ्या गाड्यांना फार मोल आहे, आणि त्यामुळे साधी एस्कॉर्ट घेऊन तिला रॅलीचा साज चढवणारेही पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, जोवर साज हा साज म्हणूनच सांगितला जातो. समोरच्या गाडीत काय खरं आहे हे कळायला रंग, पट्टे, दारावरचे आकडे यांचा उपयोग नसतो. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: तू इथे कशासाठी आहेस? रॅलीत वापरलेल्या भागाकडे त्याचं उत्तर असतं. नुसता लावलेला भाग त्या प्रश्नाला गप्प राहतो.

'मूळ' या शब्दाबद्दल आधी बोलायला हवं, कारण रॅली-गाडीच्या बाबतीत तो फसवा आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीला निघालेल्या मोटारींच्या मॅरेथॉन रॅलीचा पहिला मोठा टप्पा आपल्या मुंबईत संपला. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गाड्या मुंबई बंदरावर आल्या आणि 'चुसान' नावाच्या बोटीत चढून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेल्या. मुंबईला पोचताना सगळ्यांत पुढे होता रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. पुढे ऑस्ट्रेलियात त्याच्या इंजिनाचं हेड बिघडलं, तेव्हा त्याच्याच संघातल्या एरिक जॅक्सनच्या कॉर्टिनाचे भाग काढून त्याच्या गाडीला बसवले. मग मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, गेलं. रस्त्यात भेटलेल्या एका कॉर्टिनावाल्याला गळ घालून त्याच्या घरच्या गाडीचा मागचा ॲक्सल विकत घेतला आणि तो लावून क्लार्क सिडनीला पोचला, दहाव्या क्रमांकावर. रॅली जिंकली अँड्र्यू कोवनने, हिलमन हंटरमध्ये.

आता सांगा, सिडनीला उभी असलेली क्लार्कची गाडी 'मूळ' होती का? कोणा कुटुंबाच्या गाडीचा ॲक्सल तिच्याखाली होता. तरीही रॅली-गाडी याहून खरी असू शकत नाही.

फोर्डचा रॅली विभाग इसेक्समध्ये बोरहॅम इथल्या जुन्या विमानतळावर होता. तिथेही हेच चालायचं. एखाद्या गाडीचा सांगाडा रॅलीत वाकला की नवा सांगाडा घ्यायचा, उरलेले चांगले भाग त्यात बसवायचे आणि जुनीच नंबरप्लेट लावायची. म्हणून नंबरप्लेटवरून सुरुवात करू नका. चासी नंबर अधिक कामाचा. पहिल्या पिढीच्या जोरकस एस्कॉर्टना मुळातच मजबूत केलेला सांगाडा मिळे. त्याला 'टाइप ४९' म्हणतात, आणि तो ४९ चासी नंबरात दिसतो. पण नंबरांची पट्टी दोन रिव्हेटांवर असते आणि रिव्हेट कोणीही काढू शकतं. तेव्हा पट्टी वाचा, वहीत टिपा आणि दार उघडा.

आत शिरल्यावर पहिली नजर जाते स्टिअरिंगसमोर. घरच्या गाडीत तिथे वेगाचा काटा मोठा असतो. रॅलीच्या गाडीत ड्रायव्हरला वेगाशी फारसं देणंघेणं नाही, त्याला इंजिनाचे फेरे हवेत. म्हणून फेऱ्यांचा काटा मोठा, आणि तो असा फिरवून बसवलेला की गिअर बदलायच्या क्षणी सुई सरळ वर उभी दिसावी. ड्रायव्हर आकडा वाचत नाही, सुईची दिशा पाहतो. पहिल्या पिढीच्या 'आरएस' आणि 'मेक्सिको' या जोरकस एस्कॉर्टांत कंपनीकडूनच सहा डायलांचा डॅशबोर्ड येई: दोन मोठे आणि चार लहान. त्यामुळे सहा डायल दिसले म्हणजे रॅलीची गाडी, असं नाही. त्याउलट वेगाचा काटा डावीकडे, नॅव्हिगेटरच्या म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणाऱ्या सोबत्याच्या पुढ्यात सरकवलेला असेल तर कोणीतरी विचार करून काम केलं आहे. इंग्लंडमध्येही ड्रायव्हर उजवीकडेच बसतो, तेव्हा डावी बाजू नॅव्हिगेटरची.

आणि या गाडीतला माझा सगळ्यांत लाडका कोपरा तोच. ड्रायव्हरचं नाव होतं, पण रॅलीचा हिशोब डाव्या सीटवर व्हायचा. तिथे समोर एक काळा डबा दिसेल, त्यात आकड्यांच्या दोन ओळी. हा 'हाल्डा ट्विनमास्टर', स्वीडनचा. काम एकच, अंतर मोजणं. एक ओळ एकूण अंतराची, दुसरी एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतची, जी प्रत्येक खुणेला शून्यावर आणायची. गाडीच्या साध्या मीटरवर विसंबून चालत नाही, कारण टायर बदलला की चाकाचा घेर बदलतो आणि शंभर किलोमीटरमागे दोन-तीन किलोमीटरची चूक सहज होते. हाल्डातली छोटी दातेरी चाकं बदलता येतात. मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून पाहायची, फरक काढायचा आणि त्या फरकाला जुळणारं चाक बसवायचं.

आता तपासणी. हाल्डाला वीज लागत नाही. वेगाच्या काट्याला जाणाऱ्या फिरत्या केबललाच मध्ये एक तिवाटा जोडून तिची फिरत हाल्डाकडे आणलेली असते. म्हणून डॅशबोर्डखाली मान घालून पाहा. डब्याच्या मागून केबल निघते का? ती तिवाट्यापर्यंत पोचते का? केबल नसेल तर तो डबा शोभेचा आहे. सुंदर असेल, महाग असेल, पण केबलशिवाय तो एक किलोमीटरही मोजू शकत नाही.

हाल्डाशेजारी बहुधा दोन घड्याळांची जोडी असते. स्विस कंपनी होयरची 'मास्टर टाइम' आणि 'मॉन्टे कार्लो' ही जोडी त्या काळी प्रसिद्ध होती. पहिलं नेहमीचं घड्याळ, एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं. दुसरं स्टॉपवॉच. लांबलचक रॅलीत रात्री अडीच वाजता एखाद्या नाक्यावर किती मिनिटं उशीर झाला यावर दंडाचे गुण ठरत. म्हणून ही घड्याळं ड्रायव्हरकडे नाही, नॅव्हिगेटरकडे तोंड करून बसवलेली असायला हवीत. नकाशा वाचायचा वाकणाऱ्या दांडीचा दिवा, दारातला नकाशांचा खण, पाय रोवायला जमिनीवर तिरपी पट्टी, हाताला येतील असे पुढे आणलेले फ्यूज हे सगळं त्याच बाजूला. त्या तिरप्या पट्टीवरचा रंग घासून पत्रा दिसत असेल तर मला फार बरं वाटतं. तिथे खरोखर कोणीतरी रात्रभर पाय रोवून बसलं होतं.

सीट, पट्टे, संरक्षक पिंजरा यांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. सुरक्षेचे नियम बदलत गेले तसे हे भाग सगळ्यांनीच बदलले. त्या काळचे पिंजरे मोजक्या नळ्यांचे आणि जमिनीला बोल्टने आवळलेले असत. दारांत फुल्या मारलेला, जागोजागी वेल्ड केलेला पिंजरा नंतरचा. त्यावरून गाडीला खोटी म्हणू नका. आजही ती पळवली जाते आणि आत माणसं बसतात.

हँडब्रेक पाहा. घरच्या गाडीत तो ओढला की अडकतो आणि बटण दाबल्यावर सुटतो. रॅलीच्या गाडीत उलट केलेलं असतं: ओढा आणि सोडा, तो लगेच सुटतो, अडकवायचा असेल तरच बटण. कारण इथे हँडब्रेक गाडी उभी करायला नसतो. घाटातल्या कातरवळणासारख्या वळणावर मागची चाकं क्षणभर रोखून गाडीचं शेपूट फिरवायला असतो. मग पॅडल. एस्कॉर्टचा साधा क्लच केबलवर चालतो. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या पायांपुढच्या भिंतीवर तेलाच्या तीन छोट्या बरण्या ओळीने दिसल्या, तर आत पॅडलांची सगळी पेटी बदललेली आहे: एक बरणी पुढच्या ब्रेकची, एक मागच्या, तिसरी क्लचची. पुढच्या-मागच्या ब्रेकांमधला जोर कमीजास्त करायला दोन सिलिंडरांमध्ये एक दांडी असते. ओल्या मातीवर पुढचे ब्रेक थोडे सोडून मागचे वाढवायचे, डांबरावर परत फिरवायचे.

बॉनेट उघडलंच आहे तर इंजिन ओळखू. एस्कॉर्टमध्ये मुख्यतः चार इंजिनं भेटतात, आणि ती ओळखायला पाना लागत नाही. टॅपेट-कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, एकच, अरुंद, आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडाला पट्टा किंवा मोठं साखळी-कव्हर वरपर्यंत गेलेलं नाही, तर ते 'केंट'. यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब काड्यांनी व्हॉल्व्ह ढकलतो. साधं म्हणून त्याला कमी लेखू नका. १९७० च्या लंडन-मेक्सिको रॅलीत हनू मिकोला आणि गुनर पाम यांनी एफईव्ही १एच या नंबरची एस्कॉर्ट पहिली आणली ती याच जातीच्या, थोड्या वाढवलेल्या इंजिनावर. हजारो किलोमीटर दुरुस्तीच्या सोयीपासून दूर जायचं असताना फोर्डने नाजूक इंजिन मुद्दाम टाळलं. मेक्सिको हे मॉडेलचं नाव त्या विजयातून आलं.

एकच कॅमशाफ्ट पण तो वर, आणि पुढे दातेरी पट्टा, तर ते 'पिंटो', आरएस २००० मधलं. वर दोन कॅमशाफ्टची दोन कव्हरं आणि पुढे साखळीचं बंद झाकण असेल तर ते लोटसचं ट्विन कॅम, १५५८ सीसी, आठ व्हॉल्व्ह. मुंबईला पहिली पोचलेली क्लार्कची कॉर्टिना याच इंजिनाची. आणि दोन कव्हरं, त्यांच्या मधल्या घळीत चार स्पार्क प्लग, पुढे साखळीऐवजी दातेरी पट्टा, तर हात जोडा. हे इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने घडवलेलं 'बीडीए'. सोळा व्हॉल्व्ह. १९७० साली आरएस १६०० मध्ये ते १६०१ सीसीचं होतं. तो एक सीसी चुकून आलेला नाही: १६०० च्या वर गेल्यावर गाडी स्पर्धेच्या वरच्या गटात मोजली जाई आणि त्या गटात इंजिन पुढे वाढवायला वाव मिळे. तसं ते वाढलंही, जवळपास दोन लिटरपर्यंत.

बीडीएची मला भावणारी गोष्ट अशी की ते पोटात केंटच आहे. ब्लॉक त्याच घराण्याचा, ज्याची सुरुवात १९५९ च्या फोर्ड अँग्लियापासून झाली. कॅमशाफ्ट वर गेले तरी खालच्या जुन्या कॅमशाफ्टची जागा रिकामी ठेवली नाही. तिथला शाफ्ट तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर फिरवत राहिला.

तेलाचं चेंबरही पाहा. रॅलीच्या इंजिनात पुष्कळदा ते उथळ असतं, आणि इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर फिरणारा जादा पंप दिसतो. लांब वळणावर तेल चेंबरच्या एका कुशीला जमतं, पंपाला हवा मिळते आणि बेअरिंग काही क्षणांत जळतं. म्हणून तेल चेंबरमध्ये साठूच द्यायचं नाही, उपसून वेगळ्या टाकीत न्यायचं. ही टाकी एस्कॉर्टमध्ये बहुधा डिकीत असते. तेव्हा उथळ चेंबर दिसलं की डिकी उघडा. टाकी आणि तिच्याकडे जाणाऱ्या जाड नळ्या नसतील तर हिशोब जुळत नाही. डिकीतच बॅटरीही सापडेल, पेट्रोलचे पंपही, आणि पत्र्यातून वर आलेले दोन बुरूज. मागचे शॉकअप उभे आणि लांब बसावेत म्हणून ते केलेले असतात.

आता गिअरबॉक्स. सीटवर बसा, क्लच दाबा आणि पहिला गिअर शोधा. नेहमीसारखा डावीकडे वर मिळाला तर बॉक्स साधा असण्याची शक्यता जास्त. डावीकडे खाली मिळाला तर बहुधा जर्मन झेडएफचा पाच गिअरचा बॉक्स आहे. ही उलटी मांडणी हौसेची नाही. रॅलीत पहिला गिअर फक्त सुटताना लागतो, नंतर सगळा खेळ दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा असा चालतो. पहिला बाजूला काढला की दुसरा आणि तिसरा एका सरळ रेषेत येतात, चौथा आणि पाचवाही. हात आडवा न्यावा लागत नाही.

या पाचव्या गिअरबद्दल मोठा गैरसमज आहे. आपल्याला सवय आहे ती हायवेवर इंजिन शांत व्हावं, पेट्रोल वाचावं म्हणून असलेल्या पाचव्याची. झेडएफचा पाचवा तसा नाही. तो सरळ आहे, इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. साध्या एस्कॉर्टमध्ये हे काम चौथा गिअर करतो. म्हणजे पाचवी पायरी शिडीच्या वर लावलेली नाही. तेवढ्याच शिडीत एक पायरी जास्त घातली, त्यामुळे पायऱ्या जवळजवळ आल्या. गिअर बदलताना इंजिनाचे फेरे फार खाली पडत नाहीत, आणि बीडीएसारखं इंजिन वरच्या फेऱ्यांतच जिवंत असतं.

मागे चला. ॲक्सल हा या गाडीचा सगळ्यांत प्रामाणिक भाग, कारण तो दाखवायला कोणी ठेवत नाही. ॲक्सलच्या मधल्या फुगवट्याची मागची बाजू बघा. ती गुळगुळीत, झाकण नसलेली असेल तर तो फोर्डचा 'इंग्लिश' ॲक्सल. याचं डिफरन्शियल पुढून, शाफ्टच्या बाजूने बोल्ट काढून बाहेर येतं. ॲम्बॅसडरचं काम केलेल्या मिस्त्रीला हे सांगावं लागणार नाही. मागे बोल्टनी आवळलेलं झाकण असेल तर तो 'ॲटलस', मोठ्या गाड्यांसाठीचा, जाडजूड. ताकदवान रॅली एस्कॉर्टना हाच लावत. ॲटलस जड आहे, आणि ॲक्सलचं वजन वाढलं की खड्ड्यांतून चाक उशिरा खाली येतं. तरीही लावत, कारण तुटलेल्या ॲक्सलला कुठलंच वळण घेता येत नाही.

चाकाच्या मधोमध पाहा. साध्या गाडीत आतला शाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो मोडला तर चाक गाडी सोडून जातं. रॅलीसाठी वजन पेलायला वेगळा हब करतात आणि शाफ्ट फक्त फिरवायला ठेवतात. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मध्यातून पुढे आलेला तो गोल उंचवटा आणि त्यावरची बोल्टांची कडी तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. तीच कल्पना. ट्रकच्या चाकाला हात न लावता शाफ्ट बाहेर ओढता येतो, तसाच इथेही.

खाली झोपून पाट्यांकडेही पाहा. पाटा साध्या गाडीत दोन कामं करतो, वजन झेलतो आणि ॲक्सल जागेवर धरतो. जोराने वेग दिला की तो इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो आणि चाकं उड्या मारतात. म्हणून रॅलीच्या गाडीत ॲक्सल धरायला दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार दांड्या लावतात आणि आडवा सरकू नये म्हणून आणखी जोड देतात. पाटा मग नुसता वजनापुरता उरतो, पातळ होतो. दांड्यांच्या पकडीजवळ सांगाड्याला वेल्ड केलेले जाड पत्रे दिसतात का पाहा. नवे चकचकीत वेल्ड आणि जुना मातीने भरलेला पत्रा हे फरक डोळ्यांना कळतात.

शेवटी एक खडू घ्या. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, गाडीखाली भक्कम घोडे लावा, गिअर न्यूट्रलला आणा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर डिफरन्शियल साधं. बरोबरीने त्याच दिशेला फिरलं तर आत घर्षणाच्या चकत्या आहेत, म्हणजे एक चाक चिखलात घसरलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहणार. मात्र या चकत्या झिजल्या की असं डिफरन्शियलही साध्यासारखं वागतं, म्हणून उलट फिरलं एवढ्यावर निकाल देऊ नका. नंतर शाफ्टवर आणि चाकावर खडूची एकेक रेघ मारा. दोन्ही चाकं एकत्र दहा फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक खाली टेकवून दुसरं वीस फेरे फिरवा, उत्तर तेच येतं.

समजा शाफ्ट पस्तीस-छत्तीस वेळा फिरला. मग डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांचा हा ३.५ च्या आसपासचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे साडेतीन फेरे असा, रस्त्यावरच्या गाडीचा जोड आहे. त्रेपन्न वेळा फिरला तर ५.३ चा, जंगलातल्या रॅलीचा. तेरा इंची चाकाचा घेर साधारण १.८ मीटर धरा. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर आणि सरळ गिअरमध्ये ५.३ चा जोड गाडीला ताशी १८३ किलोमीटरच्या वर जाऊच देत नाही. ३.५४ च्या जोडावर तोच हिशोब ताशी २७५ सांगतो, जो वेग ही गाडी कधी गाठणार नाही. इंग्लंड-वेल्सच्या जंगलातल्या मातीच्या वाटेवर २७५ ची स्वप्नं कोणाला हवीत? तिथे हवी होती प्रत्येक वळणातून बाहेर पडतानाची उसळी. हायवेवर रडकुंडीला येणारा जोड ज्याने निवडला, त्याला गाडी कुठे पळवायची आहे हे ठाऊक होतं. शाफ्टवरची खडूची रेघ त्रेपन्नाव्यांदा वर आली, तर ती गाडी त्या मातीच्या वाटांसाठीच जुळवलेली आहे.